मागचं सगळं उडव

“वृषे, लेन्सला कुंकू लावलंयस तू?”

शैलेशदादानं माझा कॅमेरा कानाशी धरून झूमची रिंग फिरवली. कर्र असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा कर्र. मग तो असा हसायला लागला की ताईच्या केसांत गजरा माळणाऱ्या बायकाही माना वळवून बघायला लागल्या.

“अगं, ही लेन्स आहे की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण?”

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. एक तर हा माझा चुलतभाऊ माझ्या वस्तूंना हात लावताना कधी विचारत नाही, आणि ताईच्या लग्नाच्या सकाळी तर मला त्याची शिकवणी अजिबात नको होती.

कुंकवाचं मात्र खरं होतं. कॅमेरा मी माझ्या पगारातून घेतला होता. घरी आणला त्या संध्याकाळी आईनं तो पाटावर ठेवायला लावला, समोर नारळ ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन शेजारच्या सुमनमावशींना हाक मारली. “सुमन, जरा हळदकुंकू लावून जा गं. नवीन वस्तू आहे.” मी म्हटलं, “तूच लाव ना.” आई म्हणाली, “मी नको.” बाबा गेल्यापासून आमच्या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला, मिक्सरला, ताईच्या स्कूटीला, सुमनमावशींनीच कुंकू लावलेलं होतं. मावशींचा हात सढळ. त्यांनी चिमूटभर कुंकू नेमकं लेन्सच्या रिंगवर दाबलं, ते आत जाऊन बसलं आणि ब्रशनं, फुंकरीनं, कशानंही निघालं नाही.

“तशीही किट लेन्स म्हणजे डबाच,” शैलेशदादा म्हणाला. “कॅमेऱ्याबरोबर फुकट येते ती. माझी घे आज.”

त्यानं माझी लेन्स काढून माझ्या हातात ठेवली आणि आपल्या बॅगेतून एक काळी, जाडजूड लेन्स काढून कॅमेऱ्यावर बसवली. पुण्याला नोकरीला लागल्यापासून त्याला हे वेड लागलं होतं. लेन्स भारी होती यात वाद नाही. त्यानं ती ताईवर रोखली, बटण दाबलं आणि मला मागचा पडदा दाखवला. ताईचा चेहरा असा आला होता की पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि तिच्या मागच्या बायका, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं विरघळून गेलं होतं.

“बघ, बॅकग्राउंड कसं लोण्यासारखं होतं. पंच्याऐंशीची लेन्स आहे, वन पॉइंट एटला ठेवलीय. एवढा आकडा लहान ठेवला की जिच्यावर फोकस तेवढीच दिसते. नवशिक्यांचा घोळ काय असतो माहितेय? त्यांना सगळंच फोटोत हवं असतं. फोटो काढणं म्हणजे काय नको ते ठरवणं.”

“मला माहितेय आकड्याचं,” मी म्हटलं.

खरंच माहीत होतं. महिनाभर मी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे ओळीनं मांडून हेच करत बसले होते. आकडा लहान ठेवला की फक्त पुढचा साखरेचा डबा स्पष्ट, मागचे सगळे धुरकट. आकडा आठ-अकरावर नेला की साखरेपासून शेवटच्या पोह्यांपर्यंत सगळे डबे लख्ख. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “डब्यांचंच लग्न लावायचंय का आता?” आणि कॅमेरा तिच्याकडे वळला की पिठाचा हात तोंडासमोर धरायची.

पण शैलेशदादाला दुसऱ्याला माहीत असलेलं ऐकू येत नाही. त्यानं आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, आठशेवर ठेवला, म्हणाला, “ह्याच्या वर न्यायचा नाही, फोटोत दाणे येतात.” मग काय केलं असेल त्यानं? रुखवताच्या पाटीवरची चिकटपट्टी फाडून आणली आणि माझ्या कॅमेऱ्याच्या डायलवर लावली. आडवी, घट्ट दाबून.

“हे कशाला?”

“तू गडबडीत फिरवशील म्हणून. आता नुसतं रोखायचं आणि दाबायचं.”

पतसंस्थेतल्या नोकरीत रोज माणसांच्या शिव्या खाऊन मी गप्प बसायला शिकले होते, म्हणून गप्प बसले. आरशातून ताई माझ्याकडे बघत होती.

ताईला काय हवं होतं ते तिला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा आम्ही दोघी पलंगावर पसरून बघत बसलो होतो. काका, काकू, शैलेशदादा, लातूरचे पाहुणे म्हणजे मुलाकडचे, त्यांच्या पाहुण्यांचे पाहुणे. आई कुठेच नाही. एका फोटोत कडेला तिचा कोपर होता, ताट धरलेल्या हाताचा. ताईनं त्या कोपरावर बोट ठेवलं आणि ती म्हणाली, “वृषू, लग्नात मला एक फोटो काढून दे. मी आणि आई. अक्षता पडत असतानाचा. नंतर खोलीत उभं करून काढलेला नको, तसा ती देईलही. मला ती माझ्या लग्नात हवी.”

मी म्हटलं, दिला. त्याच्यासाठीच तर कॅमेऱ्यासाठी इतकी घाई केली होती.

शैलेशदादा खाली गेला आणि त्याची आई, विमलकाकू, वर आल्या. कन्यादान काका-काकू करणार होते, त्यामुळे काकूंच्या अंगावर ताईइतकेच दागिने होते. काकू वाईट नाहीत. बाबा गेल्यावर आमच्या फिया त्यांनी स्वतः जाऊन भरल्यात. पण त्यांचं बोलणं असं की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही.

“वृषाली, शैलेशनं लेन्स दिली ना? छान. जवळनं जवळनं काढ नवरा-नवरीचे. मागचं सगळं उडव. मुलाकडचे जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्याकडे अल्बम घरोघर फिरतो. उगाच कुणी काही बोलायला नको.”

“कशाबद्दल बोलतील, काकू?”

काकूंनी ताईची नथ नीट केली. “तुला कळतं सगळं. मोठ्या फोटोग्राफरलाही मी सांगून ठेवलंय. आणि तुमच्या आईच, कमलवहिनी, स्वतः म्हणाल्या, मी मागं थांबते म्हणून. मी काही म्हटलं नाही हो त्यांना.”

मेकअपवाली ताईला म्हणाली, “रडू नका, काजळ पसरेल.” फोटोत आई नको हे त्यांनी लेन्सपर्यंत ठरवून टाकलं होतं, आणि ती लेन्स माझ्याच गळ्यात अडकवली होती. शैलेशदादाला त्यातलं काही माहीत नसणार. त्याला फक्त लोणी माहीत.

मी जिना उतरून आईला शोधायला गेले. ती कोठीच्या दारात आचाऱ्याला नारळ मोजून देत होती. अबोली रंगाची साडी, ताईनं मुद्दाम आणलेली. तिच्यावर तिनं जुना स्वेटर घातला होता, मे महिन्यात.

“स्वेटर कशाला?”

“काठ फार चमकतो गं.”

“आई, अक्षतांच्या वेळी तू कुठं उभी राहणार?”

“असेन की मागं.”

“मागं म्हणजे कुठं?”

“हे बघ, आज पोरीचं कार्य आहे. तुझं डोकं आज घरी ठेवून ये.” आणि आचाऱ्याला म्हणाली, “अजून पाच घ्या हो, वरण पातळ करू नका.”

“काढ तो स्वेटर.”

“वृषाली,” आई हळूच म्हणाली. ती पूर्ण नावानं हाक मारते तेव्हा पुढे बोलण्यात अर्थ नसतो. पण तिनं स्वेटर काढला.

मुहूर्ताला कार्यालय गच्च भरलं. स्टेजवर अंतरपाट धरला गेला. अलीकडे नवरामुलगा, पलीकडे ताई, हातात हार, मान खाली. तिच्या मागे मामा, काका-काकू, करवल्या. मोठा फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला दिवे घेऊन मधोमध. मी नवऱ्या मुलाच्या बाजूला, स्टेजच्या कोपऱ्यात, भल्यामोठ्या स्पीकरला टेकून उभी राहिले. तिथून अंतरपाटाच्या कडेवरून ताईचा चेहरा दिसत होता. आणि तिच्या खांद्यावरून सरळ मागे, हॉलच्या टोकाला, जेवणाच्या दालनाच्या दाराशी एक खांब होता. त्या खांबाशी आई उभी होती. हात जोडून, एकटी. तिच्या आजूबाजूला कुणी उभं नव्हतं.

भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, दाबलं, आणि पडद्यावर पाहिलं. ताई अप्रतिम आली होती. तिच्या मागे, जिथं आई होती तिथं, एक अबोली डाग होता. कुणीतरी भिंतीला हात पुसल्यासारखा.

मी आईवर फोकस केला. आई आली, तर ताईचा डाग झाला. आणि ही लेन्स इतकं जवळ ओढत होती की दोघी एकत्र बसतही नव्हत्या. मागे सरकायला जागा नाही, मागे स्पीकर. आकडा वाढवायचा तर डायलवर चिकटपट्टी.

“शुभमंगल सावधान!” अक्षता पडल्या. दुसरं सुरू झालं. मोजकीच मंगलाष्टकं असतात, ती कुणी माझ्यासाठी वाढवणार नव्हतं.

मी चिकटपट्टी दातानं ओढून काढली. शैलेशदादा समोरच्या रांगेत उभा होता, त्यानं हातानं काय काय असं विचारलं. मी त्याच्याकडे बघत बघत त्याची लेन्स काढली. ठेवायला काही नव्हतं, म्हणून शेजारच्या करवलीच्या हातातल्या अक्षतांच्या ताटात ठेवली. तांदळात. त्याचं तोंड उघडंच राहिलं ते मला इथवर दिसलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

खांद्याच्या पर्समधून माझी लेन्स काढून लावली. रिंग फिरवली, कर्र. सगळ्यात रुंद टोकाला नेऊन सोडून दिली. आकडा आठवर. आता कॅमेऱ्यात सगळं मावत होतं, ताई, काकू, भटजी, वऱ्हाड, पंखे, दार आणि खांबाशी आई. फ्लॅश लावला तर पुढचे पांढरेफटक होतील आणि मागे अंधार येईल, म्हणून तो बंद ठेवला. कोपर स्पीकरवर टेकवून बटण दाबलं. या वेळी आवाज वेगळा आला. खटक, आणि मग थोडं थांबून खटक.

पडद्यावर पाहिलं. डब्यांसारखेच सगळे लख्ख होते. पुढच्या ताईपासून मागच्या पंख्याच्या बटणापर्यंत. फक्त खांबाशी एक अबोली रेघ होती, आडवी ओढलेली.

मला क्षणभर कळेचना. मग मी मान वर करून पाहिलं. आई खांबाच्या आड चालली होती. कॅमेरा आपल्याकडे वळलेला तिला इतक्या लांबून कळला होता, आणि ती बाजूला सरकत होती. आकडा वाढवला तसा उजेड कमी झाला होता, म्हणून कॅमेऱ्यानं डोळा जास्त वेळ उघडा ठेवला होता. तेवढ्या वेळात जो हलेल तो पुसला जाणार. सगळे उभे होते. आईच तेवढी पळत होती.

माझा सगळा राग, काकूंवरचा, शैलेशदादावरचा, लातूरच्या त्या पाहुण्यांवरचा ज्यांनी अजून एक शब्दही काढला नव्हता, तो सगळा तिथून उठला आणि आईवर जाऊन बसला. लेन्स बदलता येते. आकडा बदलता येतो. हिचं काय करायचं? कुणी हिला ढकललेलं नव्हतं. आम्हाला एकटीनं वाढवणारी, वीजबिलवाल्याशी, घरमालकाशी, हेडमास्तरांशी भांडणारी ही बाई स्वतःच्या मुलीच्या लग्नात खांबामागं लपत होती, आणि वर ते आमच्यासाठी करत होती.

“सावधान!” भटजी म्हणाले आणि पुढच्या मंगलाष्टकासाठी श्वास घ्यायला थांबले. अक्षतांसाठी हात वर झाले. हॉल एकदम शांत झाला.

“आई!” मी ओरडले. “हलू नकोस! तिथंच उभी राहा!”

मला वाटतं मी आयुष्यात इतक्या जोरात कधी ओरडले नव्हते. स्पीकरची गरजच नव्हती. आई खांबाला हात लावून जागच्या जागी थांबली आणि तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. मी दाबलं. खटक. थोडं थांबून, खटक.

मग भटजींनी पटकन पुढचं सुरू केलं, कुणीतरी वाजंत्रीवाल्याला खूण केली, काकूंचा चेहरा काळाठिक्कर पडला. लग्न लागलं. ताईनं हार घातला. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, पण सगळे बघून गेले.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा आईनं मला दंडाला धरून कोठीत नेलं. लाडवांच्या परातींमध्ये उभं करून पाठीत एक धपाटा घातला. सव्वीस वर्षांच्या मुलीला.

“तमाशा केलास माझा! भर मांडवात! लहानपणी कधी हट्ट केला नाहीस, तो आजच करायचा होता?”

“मी तुला उभं राहा म्हटलं. नाच म्हटलं नाही.”

“लोकं काय म्हणाली असतील?”

“काय म्हणाली? सांग ना. एक तरी माणूस येऊन बोललं का तुला? तूच सगळ्यांच्या वतीनं बोलून घेतेस.”

“पोरीच्या चांगल्यासाठी असतं ते. तुला नाही कळायचं.”

“तिला काय हवं होतं ते विचारलंस? तिला तू हवी होतीस. तिनं माझ्याकडं मागितलं होतं. आणि तू पळत होतीस!”

मी डोळे पुसले. रडायचं नव्हतं मला, भांडायचं होतं. आईनं पुढे बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दार लोटून शैलेशदादा आत आला, मागे काकू. दादाच्या हातात त्याची लेन्स, तिच्यावर हळदीचे तांदूळ चिकटलेले.

“ह्याच्यात गेलेले तांदूळ कोण काढणार आता?” तो म्हणाला. “आण इकडं, काय दिवे लावलेस ते तरी बघू.” आणि माझ्या गळ्यातून पट्टा काढून त्यानं कॅमेरा घेतला. विचारलं नाहीच.

तो बटणं दाबत मागे गेला. चार फोटो, पाच फोटो. मग थांबला आणि काकूंकडे वळून हसला.

“संपलं. शटर इतकं स्लो, कशाला आयएसओ आठशेवर ठेवून हे उद्योग करायचे? आई, बघ हे. सगळे हललेत. तुझं तर तोंडच नाही राहिलं.”

मी वाकून पाहिलं. त्याचं खरं होतं. मी ओरडल्याबरोबर अख्ख्या हॉलनं माना वळवल्या होत्या, निम्म्यांनी माझ्याकडं, निम्म्यांनी मागं आईकडं. काका, काकू, मामा, करवल्या, वऱ्हाड, सगळ्यांचे चेहरे पुसले गेले होते. भटजींचा तर नुसता शेला उरला होता. त्या सगळ्या पुसापुशीत दोनच माणसं स्थिर होती. ताई हार धरून उभी होती, कारण नवरीला हलायचं नसतं. मान खाली, पण ओठ घट्ट दाबलेले, हसू फुटू नये म्हणून. कोण ओरडतंय आणि कुणावर, हे तिला न बघताच कळलं होतं. आणि तिच्या खांद्यामागं, लांब, खांबाला हात लावून आई. लहानशी, पण साडीच्या काठासकट स्पष्ट. ती थेट बघत होती आणि भयंकर चिडलेली होती.

“हा काही कामाचा नाही,” काकू म्हणाल्या. “काढून टाक शैलेश, उगाच राहायला नको.”

“डिलीट करतो,” शैलेशदादा म्हणाला आणि त्याचा अंगठा बटणाकडे गेला.

आईनं त्याचं मनगट धरलं. लाडू वळून वळून तिच्या हाताला जोर आहे. दादा “अहो काकू” म्हणाला, पण तिनं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं कॅमेरा काढून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी जिलबी, जिलबी म्हणून ओरडत होतं. विमलकाकू काही बोलायला गेल्या.

“थांबा हो जरा,” आई त्यांना म्हणाली. मी तिला काकूंशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “माझ्या लेकीच्या लग्नातला माझा फोटो आहे हा. ह्याला कुणी हात लावायचा नाही.”

आईनं कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि पदर सावरून पंगतीकडे निघाली. दारात थांबून माझ्याकडे वळली.

“आणि तू माझ्याशी बोलू नकोस,” ती म्हणाली.